इटालियन शब्द तोडायचं वर्ष

आमचे बाबा कंपोझिटर होते, आणि म्हणजे काय ते आता कोणाला समजावून सांगायचं म्हणजे मला बसल्या जागी थकवा येतो. नातवाला एकदा सांगून पाहिलं. शिशाचे बारीक खिळे असतात, एका खिळ्याच्या डोक्यावर एक अक्षर, तेही उलटं. लाकडाच्या मोठ्या ट्रेला केस म्हणायचं, तिच्यात प्रत्येक अक्षराचा वेगळा खण. डाव्या हातात स्टिक नावाची लोखंडी पट्टी धरायची, उजव्या हाताने खणातून एकेक खिळा उचलून तिच्यात लावत जायचं, ओळ भरली की दुसरी ओळ, ओळी जमल्या की पान. पान छापून झालं की तेच खिळे धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, कारण उद्याच्या पानाला तेच लागणार. नातवाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे रोज केलेलं रोज मोडायचं?" मी म्हटलं, हो बाबा, रोज. तो मोबाइलकडे वळला आणि मी मेथी निवडायला घेतली.

एक गोष्ट त्याला सांगायची राहिली. चांगला कंपोझिटर खिळा उचलताना केसकडे बघत नाही. डोळे समोरच्या कागदावर असतात आणि हात आपला आपण चालतो, कारण कुठलं अक्षर कुठल्या खणात आहे हे हाताला पाठ असतं. बाबांचा हात तीस वर्षांचा होता. नागपूरच्या सदर भागातल्या त्या छापखान्यात इंग्रजी कामाला त्यांच्याइतका साफ हात दुसऱ्या कोणाचा नव्हता, असं तिथले लोकच म्हणायचे. त्यामुळे बाबांचे डोळे जात चालले आहेत हे छापखान्यात कोणाला फार दिवस कळलंच नाही.

घरात आम्हाला कळलं होतं. आम्ही तेव्हा नंदनवन वस्तीच्या अलीकडे दोन खोल्यांत राहायचो. मोठ्या बहिणीचं लग्न होऊन ती कन्हानला गेलेली, त्यामुळे घरात आई, बाबा आणि मी. पहाटे नळाला पाणी यायचं, बादलीचा आवाज, मग आईच्या हातची भाकर थापण्याचा आवाज, मग बाबांचं खाकरणं, या क्रमाने आमचा दिवस उजाडायचा. आई बोलायची नाही, पण बाबांच्या ताटात भाजी नेहमी उजव्या हाताला आणि पाण्याचा गडू नेहमी डाव्या हाताला ठेवायची. एकदा मी गडू चुकून उजवीकडे ठेवला, बाबांचा हात लागून तो लवंडला, अंबाडीच्या भाजीत पाणीच पाणी झालं. बाबा हसले. आई माझ्यावर एवढी ओरडली की मी घाबरले, आणि मग ती स्वतःच पदर तोंडाला लावून चुलीकडे वळली. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली टिकवायला थेंब टाका, एवढंच. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं, अर्ध्या तासात, आणि घरी येऊन मी चहा केला. त्या टेबलावर आडवी पडले होते तेव्हा मला बाबांचा इतका राग आला, की तुम्हाला त्या काचबिंदूऐवजी हा का झाला नाही. असल्या रागाला काही अर्थ नसतो, पण आला.

बाबांना एकाच गोष्टीची धास्ती होती. छापखान्याच्या मागे एक लांबट शेड होती, तिथे छापलेले कागद दुमडायचे, शिवायचे, चिकटवायचे. जे कामगार थकले, ज्यांचे हात थरथरायला लागले, त्यांना मॅनेजर तिकडे पाठवायचा. पगार थोडा कमी, काम जमिनीवर बसून. बाबा त्या शेडला 'मागं' म्हणायचे. "अमुक मागं गेला," असं ते सांगायचे तेव्हा माणूस वारल्याची बातमी सांगितल्यासारखा त्यांचा आवाज व्हायचा. तीस वर्षं उभं राहून काम केलेल्या माणसाला खाली बसायचं नव्हतं. आम्हाला त्यांनी बजावून ठेवलं होतं, "घरातली गोष्ट घरात राहू द्या. मले केससमोरून कोणी हलवलं नाही पाहिजे."

त्याच सुमारास छापखान्यात ते इटालियन काम आलं. मिशनच्या दवाखान्यात सिस्टर ओर्सोला नावाच्या एक म्हाताऱ्या नन होत्या. तरुणपणी इटलीतून नागपूरला आल्या त्या इथेच राहिल्या. आता वय झालं म्हणून त्यांना परत बोलावलं होतं, आणि जाण्याआधी त्यांना आपल्या आठवणींचं लहानसं पुस्तक छापून हवं होतं, स्वतःच्या भाषेत, पण नागपुरात. जांभळ्या शाईतली वही, शंभरेक पानं. वही बघून सगळ्या कंपोझिटरांनी हात वर केले. बाबांच्या शेजारच्या केसवर दामूकाका होते, बाबांच्याच वयाचे, ते म्हणाले, "या भाषेत तं शिवीबी ओळखू येणार नाही आपल्याले." जे काम कोणालाच नको होतं ते बाबांनी मागून घेतलं. मॅनेजरला म्हणाले, "साहेब, माझी पोरगी सिस्टरच्या दवाखान्यात चिठ्ठ्या लिहिते. थे सिस्टरजवळून वाचणं शिकून घेईन. थे वाचून सांगीन, मी लावत जाईन. परक्या भाषेचं असंच करा लागते."

मला त्या दिवशी संध्याकाळी समजलं की मी इटालियन शिकणार आहे. मॅट्रिक होऊन एक वर्ष झालेलं, दवाखान्यात केसपेपर लिहायचं काम, पुढे काय करायचं हे मनात पक्कं नव्हतं, पण इटालियन हे नक्कीच नव्हतं. मी बाबांना विचारलं, "काहून पण?" आई म्हणाली, "काहून म्हणून काय विचारतं वं? बाप विचारून राहिला तुले." बाबा काही विचारत नव्हते, सांगत होते. पण आईच्या डोळ्यांकडे बघून मी हो म्हटलं. कोणी वाचून दाखवलं तर बाबा बिननजरेने काम करू शकणार होते, आणि इटालियनमुळे ते वाचून घेणं कोणाला खटकणार नव्हतं. बाबांनी स्वतःसाठी एक वर्ष मिळवलं होतं. ते वर्ष माझ्या घशातून जाणार होतं.

सिस्टर ओर्सोलांना मराठी येत नव्हती. हिंदी होती ती दवाखान्यातली, "जीभ दिखाओ", "कितने दिन से", "रोना नहीं". त्या हिंदीत त्यांनी मला तीन महिने, दुपारी पेशंट ओसरल्यावर, व्हरांड्यात बसवून शिकवलं. अर्थ फारसा नाही, वाचणंच. पहिली गोष्ट त्यांनी सांगितली की शब्द कुठून तुटतो ते ऐकायचं. टोपलीतलं संत्रं उचलून सोललं आणि म्हणाल्या, "चाकू मत चलाओ, बेटी. फाँक जहाँ से अलग होती है, वहीं से." मत्तीना म्हणजे सकाळ. मत्-ती-ना. दोन 'टी' आहेत, एक मागच्या फोडीला जातो, एक पुढच्या. फेब्-ब्रे, ताप. हे मला सोपं गेलं, कारण आपणही पत्ता, कच्चा, गप्प असं म्हणतोच. पण फिनेस्त्रा, म्हणजे खिडकी, मी फि-नेस्-त्रा अशी तोडली तर त्या जीभ चावल्यासारखं तोंड करायच्या. 'एस' पुढच्याचा हात धरून चालतो, फि-ने-स्त्रा. ओस्पेदाले म्हणजे दवाखाना, तोही ओ-स्पे-दा-ले. ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर तिथूनच तोडायचा, दुसरीकडून नाही. मी हे घरी बाबांना सांगितलं. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे एसले मागं एकटं सोडाचं नाही. एवढंच ना? समजलं."

दुसरी गोष्ट वजनाची. इटालियन शब्दात एका फोडीवर आवाज बसतो, बाकीच्या तिच्या आधाराने उभ्या राहतात. मत्तीनात तो 'ती'वर, ओस्पेदालेत 'दा'वर. पण मेदिको म्हणजे डॉक्टर, त्यात पहिल्यावरच, आणि तावोला म्हणजे टेबल, त्यातही पहिल्यावर. हे कागदावर लिहिलेलं नसतं. शेवटच्या अक्षरावर वजन असेल तर तेवढी एक तिरपी रेघ डोक्यावर देतात, चित्ता, शहर. बाकी सगळं तुमचं तुम्ही ओळखायचं. मी विचारलं, कसं ओळखायचं? सिस्टर म्हणाल्या, "सुनके. माँ से." मी मेदीको म्हणायची, त्या औषधाच्या ट्रेवर चमचा मारायच्या, "वजन कहाँ है, बेटी? वजन!" आपण मराठीत सगळ्या अक्षरांना सारखंच वाढतो, पंगतीत कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. त्यामुळे मला ते फार जड गेलं. पण एक दिवस अचानक जमलं. वहीतलं एक वाक्य मी एका दमात वाचलं आणि ते वाक्य चालायला लागलं, पायऱ्या उतरल्यासारखं. सिस्टरांनी चमचा खाली ठेवला. अर्थ मला निम्माच कळला होता, पण अंगावर काटा आला. त्या भाषेची गोडी मला लागली ती त्या दुपारी, आणि ती गोडी छापखान्यात काहीच कामाची नव्हती.

कारण बाबांना वजन नको होतं. पहिल्याच दिवशी मी सिस्टरांसारखं वाचायला लागले तर बाबांची स्टिक थांबली. "असे झोके नको देऊ वं," ते हळूच म्हणाले. "तू जोर दिला का मले वाटते तिथं दोन अक्षरं आहे. सपाट वाच. तुकडा, थांब. तुकडा, थांब." मग तसंच ठरलं. मत्. ती. ना. प्रत्येक तुकड्याला बाबांच्या हाताचा खिळ्यावर खिळा टिक्-टिक् वाजायचा आणि मग पुढचा तुकडा. 'च' म्हटलं की सी-आय, 'क' म्हटलं की कधी सी, कधी सी-एच, हे आम्ही ठरवून घेतलं होतं. न बोलला जाणारा एच आला की मी बोटाने केसच्या कडेवर टकटक करायची. ओळ संपत आली हे बाबांना अंगठ्याने कळायचं, मग विचारायचे, "तुटते का?" मी सांगायची, "तुटते, ने नंतर." ती भाषा जशी बोलतात जवळपास तशीच लिहितात, आणि बाबांना ऐकून लावता आलं ते त्यामुळेच. महिन्याभरात ते इतकं बिनचूक लावायला लागले की सिस्टरांची लाल पेन्सिल प्रूफावर एक-दोनदाच उमटायची. दामूकाका बघत राहायचे. "काय जमलं गा नामदेवजी तुम्हाले हे," असं म्हणायचे. बाबा म्हणायचे, "पोरगी वाचते म्हणून."

पण सगळा त्रास खिळ्यांचा होता. केस भरलेली असायची इंग्रजीच्या हिशोबाने, आणि इटालियनला तर प्रत्येक शब्दाच्या शेवटी आ, ओ, ई लागतं. चार पानं झाली की 'ओ'चा खण खरवडायला यायचा. म्हणून चार पानं लावायची, छापायची, आणि लगेच ते खिळे खणांत परत टाकायचे, मग पुढची चार. परत टाकताना ओळीकडे बघावंच लागतं. डाव्या तळव्यावर ओळी घ्यायच्या, शब्द वाचायचा आणि अक्षर-अक्षर खणात सोडायचं. बाबांना ओळ दिसत नव्हती. म्हणून तेव्हाही मी शेजारी उभी राहून छापलेल्या पानावरून तेच पुन्हा वाचायची, तसंच सपाट, तसंच तुकड्यातुकड्याने, आणि बाबा ऐकत ऐकत खिळे सोडायचे. म्हणजे एकेक पान मी लावताना एकदा वाचायची आणि मोडताना एकदा. पायाने चालवायच्या छपाईच्या मशीनची खटाक-धप, खटाक-धप दिवसभर, शाईचा आणि रॉकेलचा वास, उन्हाळ्यात पत्र्याखाली वाळ्याची ताटी कधी ओली, कधी कोरडी, आणि त्यात मी: लोन्. ता. नो. सायंकाळी सायकलवर बाबांना मागे बसवून मी घरी आणायची. लोक हसायचे, बाबा सांगायचे, गुडघा दुखून राहिला. घरी आल्यावर मी बोलायचीच नाही. आईने चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकर, वाढली तरी मानेनेच हो-नाही. आई गरम पाण्यात मीठ टाकून द्यायची, मी गुळण्या करून झोपायची. वर्षभर मी थकलेली होते, एवढंच आठवतं. माझ्या वयाच्या मुली तेव्हा काय काय करत होत्या, ते नंतर त्यांच्याकडून ऐकलं.

निम्म्याच्या पुढे पुस्तक गेलं होतं. एका दुपारी सिस्टरांचा निरोप आला की कॉन्व्हेंटमध्ये त्यांच्या चार म्हाताऱ्या मैत्रिणी आल्या आहेत, कुसुमला, म्हणजे मला, पाठवा, पहिलं प्रकरण वाचून दाखवायचं आहे. त्याच सकाळी चार पानं छापून झाली होती, खिळे परत टाकायचे होते. मी बाबांना म्हटलं, "मी आल्याशिवाय हात लावू नका. तासाभरात येते." बाबा म्हणाले, "जा. आरामानं ये."

मी आरामाने गेले आणि आरामानेच राहिले. कॉन्व्हेंटच्या लांब खोलीत पंखा होता, लिंबाचं सरबत होतं, आणि पाच म्हाताऱ्या बायका हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होत्या. मी वाचायला लागले, वजन घालून. सहा महिने दाबून ठेवलेला आवाज मोकळा झाला. एक म्हातारी डोळे मिटून प्रत्येक वाक्याच्या शेवटी मान हलवत होती. पहिलं प्रकरण संपलं, त्यांनी दुसरं मागितलं. मला घड्याळ दिसत होतं. तासाचे दोन झाले, अडीच झाले. बाबा वाट बघत असतील हे मला माहीत होतं, आणि तरी मी तिसरं प्रकरण उघडलं. हे मी कोणालाच कधी सांगितलं नाही. मी विसरले नव्हते. मला परत जाऊन मत्, ती, ना करायचं नव्हतं.

परतले तेव्हा छापखाना बंद व्हायच्या बेताला होता. बाबांची केस भरलेली, लावलेली पानं ठेवायचा दगड रिकामा. मी विचारलं, "पानं?" बाबा म्हणाले, "साहेबांले घाई होती. दामूले शाळेच्या निमंत्रणाचं काम लावाचं होतं, याच खिळ्यात. टाकले मी." मी विचारलं, "एकट्याने?" बाबा म्हणाले, "पाठ झालं आहे आता मले तुझं वाचलेलं." मला वाटलं, असेल. मला तसं वाटून घ्यायचं होतं. सायकलवर मी मनातल्या मनात ती तीन प्रकरणं पुन्हा म्हणत होते.

पहिलं पान त्यांना खरंच पाठ होतं. उरलेली तीन त्यांनी बोटांनी टाकली. 'एम' जाड, 'आय' बारीक, एवढं बोटाला कळतं; 'एन' आणि 'यू' बोटाला एकच, 'बी', 'डी', 'पी', 'क्यू' एकच. मी येईपर्यंत थांबतो असं ते मॅनेजरला सांगू शकले नाहीत, कारण मग का, असा प्रश्न आला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी दामूकाकांनी त्या केसवर निमंत्रण लावलं. केसकडे न बघता, सगळे लावतात तसं. प्रूफ निघालं आणि मशीनवाल्याने ते दामूकाकांच्या हातात दिलं, दामूकाकांनी डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. त्यात एक शब्द धड नव्हता. केसमध्ये चुकीचे खिळे टाकणं यापेक्षा मोठा गुन्हा त्या जगात नाही. एकदा केस बिघडली की एकेक खिळा बाहेर काढून वाचून परत लावावा लागतो, दोन माणसांचे दोन दिवस जातात. शिकाऊ माणसाला यावरून कानफटात बसलेली मी तिथेच पाहिली होती.

मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना केसजवळ बोलावलं आणि विचारलं, "ही केस कोणी भरली?" सगळ्यांना माहीत होतं. दामूकाका स्वतःच्या नखांतली शाई काढत खाली बघत राहिले. माझ्या तोंडात शब्द आला होता, मी केलं साहेब, माझ्याकडून झालं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "मी भरली." मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं. "तुम्ही, नामदेवजी?" असं म्हणून त्याने ते प्रूफ बाबांच्या हातात दिलं. "वाचा बरं, काय झालं आहे ते."

बाबांनी कागद नीट धरला, तीस वर्षं धरत होते तसा, छातीपासून वीतभर अंतरावर. आणि वाचायला सुरुवात केली. द प्रिन्सिपल, स्टाफ अँड स्टुडंट्स रिक्वेस्ट द प्लेझर ऑफ युवर कंपनी. स्वच्छ, अडखळल्याशिवाय. ऑन द ऑकेजन ऑफ देअर अॅन्युअल गॅदरिंग. शाळांची अशी शेकडो निमंत्रणं त्यांनी आयुष्यात लावली होती, आणि या कागदावर जे असायला हवं होतं ते त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं. मशीनवाल्याने मशीनवरचा पाय काढला होता. कोणी हसलं नाही. मॅनेजरने बाबांच्या हातातून तो कागद काढून घेतला आणि घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. मग म्हणाला, "बसा, नामदेवजी." बाबा बसले नाहीत. त्यांना कळलं होतं. ते म्हणाले, "साहेब, पोरीचं पुस्तक तं होऊ द्या."

दामूकाका त्या दिवशी आमच्यासोबत सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आले. वाटेत एवढंच म्हणाले, "मले ठाऊक होतं गा. तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहून राहिलो होतो." आईने त्यांना चहा दिला. बाबांनी आईला सांगितलं, "मागं जाणं आहे उद्यापासून." आईने माझ्याकडे एकदाच बघितलं, मी कुठे होते तेव्हा असं. मी नजर चुकवली आणि कप धुवायला घेतले. बाबांनी मला त्या दिवशीही काही विचारलं नाही, नंतरही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

सिस्टरांची जायची तारीख ठरलेली होती आणि पुस्तक अपुरं राहिलं होतं. वही वाचता येणारी छापखान्यात मी एकटीच. मॅनेजर म्हणाला, तूच लाव. बाई केससमोर उभी राहण्याची त्या छापखान्यात पद्धत नव्हती, पण दुसरा मार्गही नव्हता. दामूकाकांनी बिघडलेली केस दोन दिवस बसून स्वच्छ करून दिली आणि मला स्टिक कशी धरायची ते दाखवलं. इतके महिने बाबांच्या शेजारी उभी राहिल्यामुळे कुठला खण कुठला हे मला येत होतं, हात हळू होता एवढंच. सिस्टरांचं हस्ताक्षर समोर, बाबांची स्टिक हातात. शब्द कुठून तोडायचा हे आता कोणाला सांगायचं नव्हतं, डोळ्याने बघितलं की हात तोडायचा. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी एक अक्षरही बोलले नाही आणि माझा घसा दुखत नाही. इतकं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं. मी ते शांतपणे लावत गेले, ओळीमागून ओळ, आणि मला, आता लिहायलाही लाज वाटते, सुख वाटत होतं.

बाबा मागच्या शेडमध्ये माझंच पुस्तक दुमडत होते. हाडाच्या पट्टीने कागदाची घडी घालायला डोळे लागत नाहीत, त्यामुळे ते काम त्यांना लगेच आलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी, ते भिंतीला हात लावत लावत पुढे आले. मी त्यांना येताना पाहिलं, पण ओळ अर्धी होती म्हणून हात थांबवला नाही. ते माझ्या मागे उभे राहिले. टिक्-टिक् ऐकत होते. बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "आवाज नाही येऊन राहिला तुझा."

मी मान वर न करता म्हटलं, "आता वाचायची गरज नाही ना, बाबा."

"हो," ते म्हणाले. "थे बी खरं आहे."

मग भिंत धरून परत मागे गेले.